आब राखला, पण कोणाचा? एक कादंबरी, एक वाचनकट्टा आणि एका घरातला हिशोब

हे लिहिण्याआधी काकू आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशी, या दोघींची परवानगी घेतली आहे. मावशींची अट एकच होती: गावाचं नाव नको. काकू म्हणाल्या, "माझं चुकलं तिथे चुकलं म्हणून लिही." ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलं ते मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात आमचा एक छोटा वाचनकट्टा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता कोणाच्या तरी घरी अकरा-बारा जण जमतात. बहुतेक जण निवृत्त आहेत. पुस्तक मी निवडते आणि चर्चाही मीच चालवते, त्यामुळे इथे जे बिघडलं त्यातला बराच वाटा माझा आहे.

त्या वेळी काझुओ इशिगुरो यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' घेतली होती. १९८९ सालची ही कादंबरी, त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. तिघीजणींना इंग्रजी कादंबरी सलग वाचणं जड जातं, म्हणून दोन बैठकांत ती मी मराठीतून सांगायची असं ठरलं. सांगायची म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी शब्द निवडावा लागतो. पुढचं सगळं त्या शब्दांपासून सुरू झालं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५६ सालचा जुलै महिना. इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन हॉल या मोठ्या वाड्याचा बटलर, म्हणजे नोकरांचा प्रमुख, स्टीव्हन्स नव्या अमेरिकन मालकाची मोटार घेऊन सहा दिवसांच्या प्रवासाला निघतो. वीसेक वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मिस केंटन या हाउसकीपरला त्याला भेटायचं आहे. वाटेत तो जुने दिवस आठवत राहतो आणि एकच प्रश्न चघळत राहतो: थोर बटलर कोणाला म्हणावं? त्याचं उत्तर एका शब्दात आहे, 'डिग्निटी'. ती कशी असते हे सांगायला त्याचे वडील एक गोष्ट सांगत, आणि ती गोष्ट हिंदुस्थानातली आहे. साहेबाचा बटलर जेवणाची तयारी बघायला जातो तर टेबलाखाली वाघ पहुडलेला. तो दार अलगद ओढून घेतो, दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत बसलेल्या साहेबाच्या कानाशी लागून बंदूक वापरण्याची परवानगी मागतो. तीन बार ऐकू येतात. थोड्या वेळाने तो चहा भरायला येतो आणि सांगतो की जेवण नेहमीच्या वेळेला होईल, तोवर झाल्या प्रकाराची काही खूण उरलेली नसेल.

वडील स्वतःही बटलर. म्हातारपणी मुलाच्या हाताखाली त्याच वाड्यात काम करतात. १९२३ च्या मार्चमध्ये तिथे युरोपातल्या बड्या मंडळींची परिषद भरलेली असताना ते वरच्या खोलीत मरतात आणि मुलगा खाली पाहुण्यांचे पेले भरत असतो. डॉक्टर सांगायला येतात तेव्हा तो त्यांना म्हणतो, एका फ्रेंच पाहुण्याचे पाय दुखताहेत, तेवढे बघाल का. वडिलांचे डोळे मिटवायचं काम मिस केंटन करते.

'डिग्निटी'ला मी 'आब' म्हटलं. प्रतिष्ठा लोक देतात, सन्मान समारंभात मिळतो, आब माणूस स्वतः राखतो, असं माझं स्पष्टीकरण. आणि त्या रात्री तो जे करतो त्याला मी 'मन आवरणं' म्हटलं.

बैठकीत काय झालं

पहिली बैठक काकूंकडे होती. काकू बहात्तर वर्षांच्या, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. यजमानांना अर्धांगवायू झाला होता, सहा वर्षं ते अंथरुणावर होते. त्या घरात मावशी एकोणीस वर्षं आहेत. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. स्वयंपाक, वरचं सगळं आणि त्या सहा वर्षांत काकांचं अंग पुसण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सारं. सगळे त्यांना मावशी म्हणतात, काकू नावाने हाक मारतात, आणि मावशी काकूंना 'वहिनी' म्हणतात.

वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग सांगून मी थांबले. सगळे गप्प होते. मग काकू म्हणाल्या, "यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे असंच आहे."

आणि त्यांनी सांगितलं. काकांच्या वर्षश्राद्धाला चाळीस पानं होती. स्वयंपाकाला बाई बोलावल्या होत्या, पण निवडणं-चिरणं, पाट-पानं, दुसऱ्या पंगतीचं वाढणं, सगळी उस्तवार मावशींकडे. पहाटेच मावशींना फोन आला होता की गावाकडे धाकटा भाऊ गेला. त्या आठाला हजर झाल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. शेवटचं पातेलं घासून पालथं घातलं, हात पुसले आणि साडेचारला म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून चार दिवस नाही यायची. भाऊ गेला." काकूंचे डोळे भरून आले होते. "आब म्हणजे आणखी काय?" त्या म्हणाल्या. "पुस्तकातल्या माणसापेक्षा आमची मोठी."

पुढची चाळीस मिनिटं चर्चा मावशींचीच झाली. एकीने विचारलं, म्हणजे सुतकात वाढलं की काय? मग लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सूतक किती, कळल्यापासून धरायचं की गेल्यापासून, यावर तिघीजणी बोलत राहिल्या. मी ते वेळेवर तोडलं नाही. कट्ट्यावरच्या एक बाई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, त्या बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सगळे याला मन आवरणं म्हणताय. मला हे मन मारणं वाटतं. आणि दोन्हीतलं कुठलं ते बाहेरून कळत नाही. काकू, तुम्ही विचारलंत का तिला?"

काकू दुखावल्या. "ती घरचीच आहे. घरच्या माणसाला असं विचारत नाही कोणी."

तेवढ्यात मावशी कॉफीचा ट्रे घेऊन आल्या. सगळे एकदम गप्प झाले. त्यांनी अकरा कप ठेवले, कोणाला बिनसाखरेची ते बरोबर लक्षात ठेवून, आणि त्या आत गेल्या.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात एक पडदा आहे. आम्ही चाळीस मिनिटं ज्या माणसाच्या आबेबद्दल बोलत होतो ते माणूस पडद्याच्या पलीकडे होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्याच कादंबरीत एक प्रसंग आहे. एक पाहुणा स्टीव्हन्सला उभं करून देशाच्या अर्थकारणाबद्दल, परराष्ट्रकारणाबद्दल अवघड प्रश्न विचारतो. सामान्य माणसाला कारभारात मत देण्याची अक्कल नसते, हे त्याला इतरांना दाखवायचं असतं. स्टीव्हन्स दर वेळी नम्रपणे सांगतो की या बाबतीत आपली मदत होऊ शकत नाही. माणसाचा नमुना म्हणून वापर होतो आणि तो ट्रेसारखा स्थिर उभा राहतो. हा प्रसंग मी पुढच्या बैठकीत सांगणार होते.

अडचण नेमकी कुठे होती

त्या रात्री काकूंचा फोन आला. झोप येत नाही म्हणाल्या. परिचारिका बाईंचा राग होताच, पण त्यापेक्षा एक वेगळी टोचणी होती. "तिने मला सांगितलं का नाही? मी नाही म्हणाले असते का?"

मला त्या वेळी अडचण भावनेची वाटली. इतकी वर्षं एका छताखाली काढून एकमेकींशी मोकळं बोलता येत नाही, तेव्हा बोलतं करायला हवं. मी सल्ला दिला, "शांतपणे बसवून विचारा त्यांना. त्या दिवशी काय वाटलं होतं ते विचारा."

हा सल्ला चुकीचा होता. त्याचं काय झालं ते आधी सांगते.

सोमवारी दुपारी काकूंनी मावशींना बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसायला सांगितलं. मावशी त्या सोफ्यावर एकोणीस वर्षांत बसल्या नव्हत्या. त्या दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या पाटावर भिंतीला टेकून बसत. काकूंनी स्वतः चहा केला आणि विचारलं. मावशी चहाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं सगळं खोळंबलं असतं. एसटी तशी पण रातचीच होती." काकूंनी पुन्हा विचारलं, पण तुला काय वाटलं? मावशी उठल्या. "काय वाटायचंय वहिनी. गेला तो."

मंगळवारी आणि बुधवारी मावशी आल्या नाहीत. फोनही बंद होता. काकूंच्या घरी असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या का आल्या नाहीत हे मी नंतर, बऱ्याच महिन्यांनी विचारलं. त्यांचं उत्तर असं होतं: "शनवारी तुमी सगळे बोलत होता ते ऐकलंच होतं मी. मग सोमवारी वहिनी तेच घेऊन बसल्या. माझा भाऊ सारखाच काढायला लागले सगळे."

इथे माझी समजूत बदलली. मावशींचं गप्प राहणं ही त्यांच्याकडची एकुलती एक खाजगी वस्तू होती. त्या घरात त्यांचा वेळ, हातपाय, दिवाळी, मुलाच्या शाळेची अडचण, नवऱ्याचं दारू पिणं, सगळं काकूंना माहीत होतं. काकूंच्या घरातलंही सगळं मावशींना माहीत होतं, पण ते बोलायची मुभा एकीलाच होती. भावाचं दुःख मावशींनी त्या व्यवहारातून बाहेर ठेवलं. आणि आम्ही एक कादंबरी वाचून तेही मागायला गेलो. आधी संयमाची चाकरी होती, आता मोकळं होण्याची.

खरी अडचण कुठे होती ते मावशी परत आल्यावर समजलं. गुरुवारी सकाळी त्या आल्या, काहीच झालं नसल्यासारखी भाजी निवडायला घेतली, आणि काकूंनी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "वहिनी, रविवारची सुट्टी मिळाली तर बघा."

एकोणीस वर्षांत मावशींना आठवड्याची सुट्टी नव्हती. काका आजारी पडायच्या आधी अधूनमधून रविवार मिळत असे. सहा वर्षांत तो गेला, आणि काका गेल्यावरही परत आला नाही. कोणी मुद्दाम नाकारला नव्हता. विषयच निघाला नव्हता.

भावाच्या दिवशी त्यांनी सांगितलं असतं तर काकूंनी जा म्हटलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण जा म्हणणं न म्हणणं काकूंच्या हातात होतं. चाळीस पानांच्या सकाळी ते मागणं म्हणजे उपकार मागणं होतं, आणि त्याची परतफेड पुढे कधी कशी करावी लागेल याचा अंदाज मावशींना नव्हता. ज्याला रजा ठरलेली असते तो 'माझा भाऊ गेला' एवढं वाक्य सहज बोलू शकतो.

समोर कोणते पर्याय होते

काकू, परिचारिका बाई आणि मी, अशा तिघी त्या आठवड्यात बसलो. परिचारिका बाईंना काकूंनीच बोलावलं. त्याचं मला फार बरं वाटलं.

रविवार देऊन बाकी आहे तसं चालू द्यायचं, हा पहिला पर्याय. मागितलं तेवढं दिलं. यात वाईट काही नव्हतं. पण मावशींचं वय वाढत होतं, गुडघे दुखत होते, आणि काकूंचा मुलगा त्यांना परदेशी घेऊन जायचं म्हणत होता. घर बंद झालं तर मावशींचं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसरा काकूंच्या मनातला. एक चांगली रक्कम आणि दोन तोळ्यांची पाटली द्यायची, प्रेमाने. परिचारिका बाईंनी इथे एक प्रश्न विचारला तो मला महत्त्वाचा वाटतो: "ही पाटली तुम्ही द्याल तेव्हा ती तुमच्या पाया पडेल. चालेल तुम्हाला?" काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कट्ट्यावरच्या एका सदस्याने सुचवलं होतं की दुसऱ्या बैठकीत मावशींनाच बोलायला बोलवावं, त्यांचा अनुभव ऐकावा. हेतू चांगला होता. मी नको म्हटलं. सोफ्यावर जे एका माणसासमोर जमलं नाही ते अकरा जणांसमोर करायला लावण्यात काही अर्थ नव्हता.

उरला तो पर्याय कागदाचा. कामाच्या अटी लिहायच्या, आजवरच्या कामाचा हिशोब करायचा, सरकारी नोंदणी करायची, आणि हे काकूंनी एकटीने ठरवायचं नाही, मावशींच्या बाजूने बोलणारं कोणी असायला हवं.

पुण्याला हे नवं नाही. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. रजा, बोनस, पगारवाढ यांची मागणी रस्त्यावर आली ती तेव्हा. काकूंना तो संप आठवत होता. त्यांच्या सासूबाई आठवडाभर भांडी घासत होत्या आणि चिडल्या होत्या.

कायद्याचं पाठबळ किती आहे तेही पाहिलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते आणि अपघात, आजारपण, प्रसूती, मुलांचं शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद आहे. पण तो कायदा कल्याणाचा आहे. आठवड्याची सुट्टी किंवा सेवेअखेरची रक्कम तो घरमालकावर बंधनकारक करत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेचा, १९७२ चा कायदाही घराला लागू नव्हता. म्हणजे काकूंवर सक्ती कशाचीच नव्हती. जे करायचं ते स्वतःहून, आणि तरीही उपकार वाटणार नाही अशा रीतीने.

काय केलं

संघटनेचं काम केलेल्या एक कार्यकर्त्या आल्या. त्या आधी मावशींना त्यांच्या घरी जाऊन भेटल्या आणि मगच काकूंकडे आल्या. हा क्रम त्यांनी ठरवला. आम्हाला सुचला नसता.

बैठक स्वयंपाकघरात झाली. काकू पाटावर बसायला गेल्या, पण त्यांच्या गुडघ्यांमुळे मावशींनीच त्यांना स्टूल दिलं. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर अटी लिहिल्या: रविवार सुट्टी. वर्षाला पंधरा पगारी रजा. जवळचं माणूस गेलं तर पाच दिवस, आधी न विचारता, फक्त कळवून. दिवाळीला एक पगार, तो आधीपासून होताच. दर वर्षी पगारवाढ. घर बंद झालं तर तीन महिन्यांचा पगार.

मग मागचा हिशोब. घराला लागू नसला तरी ग्रॅच्युइटीचाच हिशोब धरू, असं काकू म्हणाल्या. बँकेत तीस वर्षं त्यांनी तो लोकांसाठी केला होता. महिन्याचे २६ दिवस धरायचे आणि झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार. पगार १३,००० धरला तर दिवसाचे ५००, वर्षाचे ७,५००, आणि १९ वर्षांचे १,४२,५०० रुपये. काकूंनी तो आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हा दर वर्षी बाजूला ठेवला असता तर कळलाही नसता मला."

त्यांच्या मुलाने फोनवर विरोध केला. कायदा नाही तर कशाला, आणि घरचीच आहे म्हणतेस तर घरच्या माणसाशी हिशोब कसला. काकूंनी त्याला जे उत्तर दिलं ते मी समोर बसून ऐकलं: "घरच्या माणसाला वाटणी असते रे. हिला वाटणी देणार आहेस का? नाही ना? मग हिशोब दे." शेवटी ४७,५०० रुपयांचे तीन हप्ते ठरले, मावशींच्या नावावर बँकेत.

उरली नोंदणी. आणि तिथे, अर्ज भरताना, असं काही घडलं की ज्यासाठी मी हे सगळं प्रकरण लिहायला बसले.

अर्जात वय भरायचं होतं. आधारकार्डावर १ जानेवारी १९६६. ज्यांना जन्मतारीख माहीत नसते त्यांच्यापैकी कितीतरी जणांची ती १ जानेवारीच असते. साठच्या आत असणं गरजेचं होतं, म्हणून कार्यकर्त्या बाईंनी सहज विचारलं, खरं वय किती असेल? मावशी आठवायला लागल्या. त्यांच्याकडे वयाचं माप एकच होतं, बहात्तरचा दुष्काळ.

"दुष्काळात मी सात-आठ वर्साची असंन," त्या म्हणाल्या. "आई खडी फोडायला जायची. मी कडेला बसायची धाकट्याला घिऊन. सुकडी मिळायची तिथं. तो खायचा न्हाई नुसती, पाण्यात कालवून द्यावी लागायची. माझ्या कमरंवर त्याचा घट्टा पडला हुता." त्यांनी डाव्या कमरेवर हात ठेवला. "त्योच गेला न्हवं का."

आणि मग कार्यकर्त्या बाईंना म्हणाल्या, "लिवा तुमी. सहासष्टच लिवा."

आम्ही कोणी काही बोललो नाही. काकू वहीकडे बघत होत्या. सोफ्यावर चहा देऊन जे मागितलं होतं ते इथे मिळालं, कारण इथे ते कोणी मागत नव्हतं. अर्ज भरायचा होता, माहिती मावशींकडे होती आणि आम्हाला तिची गरज होती.

निष्पत्ती

रविवार सुरू झाला. नोंदणी झाली. राज्याने ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदीत घरकामगारांना १०,००० रुपयांचं एकरकमी सन्मानधन दिलेलं आहे. मावशींचं हे लिहीपर्यंत आलेलं नाही. तिन्ही हप्ते मात्र जमा झाले. पहिल्या हप्त्यातून त्यांनी भावाच्या मुलीच्या कॉलेजची फी भरली, असं कार्यकर्त्या बाईंकडून कळलं.

दोघींमध्ये थोडं अंतर आलं. पूर्वी मावशी निघताना उंबऱ्यात दहा मिनिटं गप्पा मारत, आता सहाला निघतात. काकूंना त्याचं वाईट वाटतं आणि त्या ते लपवत नाहीत. पूर्वीच्या गप्पांपैकी जिव्हाळ्याच्या किती आणि नाइलाजाच्या किती, हे कळायला मार्ग नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मला वाटतं दोन्ही असणार.

कट्ट्यावर दुसरी बैठक झाली ती परिचारिका बाईंकडे. सुतकाचा विषय काढणाऱ्या बाई तेव्हापासून येत नाहीत. त्या बैठकीत मी दोन प्रसंग मुद्दाम घेतले. पहिला मिस केंटनच्या मावशीचा. तिला आईसारखी असलेली मावशी गेल्याची बातमी येते. स्टीव्हन्सला तिचं सांत्वन करायचं असतं, पण समोर गेल्यावर तो नव्या मोलकरणींच्या कामातल्या चुका काढतो. दुसरा प्रसंग डेव्हनमधल्या मॉस्कोम खेड्यातला. तिथला एक गावकरी स्टीव्हन्सला ऐकवतो की आब ही बड्या लोकांची मिरास नव्हे, ज्याला स्वतःचं मत आहे आणि ते बोलायची मोकळीक आहे अशा प्रत्येकाची ती असते. काकू म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंस तर?"

वेगळं काय करता आलं असतं

काकूंचं ते वाक्य मी मनावर घेतलं आहे. वाघाची गोष्ट आणि वडिलांचा मृत्यू असे दोन देखणे प्रसंग मी आधी सांगितले आणि तिथे थांबले. दोन्हींत आब ठरवणारा माणूस म्हणजे ज्याची सेवा होते तो, किंवा त्याच्या नजरेने स्वतःकडे बघणारा सेवक. ऐकणाऱ्याला साहेबाच्या खुर्चीत बसवून मी विचारलं की कसं वाटतं. कादंबरीच्या शेवटी समुद्रकाठच्या बाकावर हाच माणूस एका अनोळख्यासमोर रडतो आणि म्हणतो की आपल्या मालकाने निदान स्वतःच्या चुका तरी केल्या, मला तेवढंही म्हणता येत नाही, मग यात कसली आली डिग्निटी. तो भाग पहिल्या बैठकीतच यायला हवा होता. 'आब' शब्दावर मी आजही ठाम आहे, पण 'मन आवरणं' मी घाईने वापरलं. परिचारिका बाईंचं 'मन मारणं' आधी सापडलं असतं तर काकूंना त्यांची गोष्ट तितक्या अभिमानाने सांगता आली नसती.

ज्या घरात कोणी कामाला आहे त्या घरात ही कादंबरी घ्यायला हवी होती का? घ्यायला हवी होती. पण बोलणं मावशींवर घसरलं त्या क्षणी मी थांबवायला हवं होतं, आणि ते माझंच काम होतं.

आणि काकूंना 'काय वाटलं ते विचारा' याऐवजी 'रजा ठरलेली आहे का' एवढं बघायला सांगायचं होतं.

नंतर

वहीतली पाच दिवसांची अट मावशींनी या जूनमध्ये पहिल्यांदा वापरली. सकाळी सातला फोन आला. "वहिनी, गावाला निघाले. पाच दिवस." काकू बरं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही. परत लावावा का म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, नको.

सहाव्या दिवशी मावशी आल्या, गावाकडे पाऊस चांगला झाला म्हणाल्या, आणि कणीक मळायला घेतली.